उत्पत्तीचे सहा दिवस आणि टाकळीची गोगलगाय

शिंपला (नागपूर)

दोन आठवडे झाले, एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) शब्बाथ शाळेला, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, सहावी-सातवीची मुलं मी घेते. नऊ वर्षं झाली. शिक्षण भूशास्त्राचं. त्या रविवारी पाठ होता बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाचा पहिला अध्याय. भिंतीवर सहा दिवसांचा रंगीत तक्ता लावला, मुलांकडून पहिलं वचन म्हणून घेतलं : "प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही उत्पन्न केली." सतरंजीवर मागे बसलेला एक मुलगा उभा राहिला. "टीचर, शाळेच्या पुस्तकात पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांची आहे. इथे सहा दिवस. परीक्षेत एक लिहायचं आणि इथे दुसरं म्हणायचं का?"

आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता. पोरगं खरोखर अडकलं होतं. "पुढच्या रविवारी बोलू" म्हणाले आणि घरी येऊन कपाटातला दगड काढला.

हा दगड माझ्या आजोबांना नागपूरजवळच्या टाकळीकडे विहिरीचं खोदकाम चालू असताना मिळालेला. मुठीत मावतो. राखाडी, मध्ये पिवळट झाक, काठ काचेसारखे धारदार. गारगोटीसारख्या या कठीण दगडाला आम्ही चर्ट म्हणतो. फुटलेल्या बाजूवर तीन गोगलगाई आहेत, एक अंगठ्याच्या पेराएवढी, दोन हरभऱ्याएवढ्या. दगड ओला केला की शंखाचा पीळ टोकापर्यंत मोजता येतो. फायसा गटातली, गोड्या पाण्यातली ही गोगलगाय. ती दगडात आली कशी? नागपूरच्या जमिनीखाली काळ्या पाषाणाचे म्हणजे लाव्हाचे थर आहेत. सह्याद्री ज्याचा झाला तोच हा लाव्हा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. एक थर आला, थंड झाला. त्यावर पाऊस पडत राहिला, खडक झिजला, खळग्यात तळं साचलं, तळ्यात पाणवनस्पती आल्या, गोगलगाई आल्या, त्यांच्या कितीतरी पिढ्या गेल्या, गाळ बसला. मग पुन्हा लाव्हा आला आणि तळं झाकून टाकलं. आणि हे काही एकदाच झालेलं नाही. घाटात रस्त्याकडेला काळ्या खडकामधून तांबड्या मातीचे पट्टे गेलेले दिसतात ना, ते बहुतेक अशाच मधल्या विसाव्याचे आहेत.

हे जीवाश्म अभ्यासकांपुढे मांडणारा माणूस कोण, तर स्टीफन हिस्लॉप. स्कॉटिश मिशनरी. १८४५ मध्ये नागपूरला आले, शाळा काढली, बाजारात उपदेश केला, गोंडांविषयी टिपणं केली, आणि फिरतीवर असताना वाटेतले खडक फोडले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी टाकळीचे जीवाश्म जमवले. १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात दोघांचा नागपूर परिसरावरचा लेख छापून आला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून ते गेले. नागपुरात त्यांच्या नावाचं कॉलेज आहे.

पुढच्या रविवारी दगड वर्गात नेला. मुलांनी हाताळला, थुंकी लावून पाहिला, सगळं झालं. उपासनेनंतर मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, असले दगड मुलांसमोर आणू नका, त्यांचा विश्वास डळमळतो." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण घरी येऊन मला रडू आलं.

पवित्र शास्त्र आणि हा दगड, मी दोन्हींवर प्रेम करते. तुम्ही या दोन गोष्टींचा मेळ कसा घालता? की घालतच नाही?

वसईचावारा

ताई, आम्ही कॅथलिक, वसईचे. आमच्या घरात हा प्रश्न एवढा टोचत नाही, कारण चर्चने फार पूर्वी थोडी मोकळीक ठेवली आहे. संत ऑगस्टीन पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्तीवर लिहीत होते. तेव्हा डार्विन नाही, भूशास्त्र नाही. तरी त्यांना हे दिवस आपल्या घड्याळाचे वाटत नव्हते. सूर्य जर चौथ्या दिवशी झाला तर पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ-सकाळ कशाने मोजली? हा प्रश्न त्यांच्याही आधी, तिसऱ्या शतकात ओरिजेनने विचारला आहे. ऑगस्टीनने तर ख्रिस्ती लोकांना खडसावलं आहे : आकाश-ताऱ्यांबद्दल जी गोष्ट इतरांना अनुभवाने ठाऊक आहे, तिच्याविषयी तुम्ही धर्मग्रंथाचा हवाला देऊन चुकीचं बोललात, तर पुनरुत्थानाबद्दल ते तुमच्यावर विश्वास का ठेवतील?

पण आमची वाटही सरळ होती असं मी म्हणणार नाही. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. सृष्टीच्या उत्पत्तीची कथा ओवीबद्ध मराठीत आली. आणि त्याच १६१६ साली रोममध्ये, पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणाऱ्या कोपर्निकसच्या पुस्तकावर बंदी आली. मला हे दोन्ही एकत्र आठवतं.

नंतरचा प्रवास : १९०९ मध्ये रोमच्या बायबल आयोगाने 'दिवस' म्हणजे मोठा कालखंड असं समजायला मोकळीक दिली. १९५० मध्ये पोप बाराव्या पायसनी मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास करायला हरकत नाही म्हटलं. १९९६ मध्ये दुसऱ्या जॉन पॉलनी उत्क्रांती हे निव्वळ गृहीतक राहिलेलं नाही असं लिहिलं. आणि महास्फोटाची (बिग बँगची) कल्पना ज्यांनी मांडली ते जॉर्ज लमेत्र स्वतः बेल्जियमचे धर्मगुरू होते. १९२७ मध्ये प्रसरणशील विश्वाचं गणित आणि १९३१ मध्ये 'आद्य अणू'. तुमच्या त्या ज्येष्ठांना हे सांगा.

दुर्बीण (पुणे)

वसईचावारा, लमेत्र यांचं अर्धंच सांगितलंत. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. १९५१ च्या नोव्हेंबरात पोप बाराव्या पायसनी जाहीर भाषणात सुचवलं की विज्ञानाने "प्रकाश होवो" या क्षणाची साक्ष दिली आहे. लमेत्र यांना हे अजिबात रुचलं नाही. आपला सिद्धांत भौतिकशास्त्राचा आहे, तो श्रद्धेच्या बाजूनेही वापरायचा नाही आणि विरुद्धही नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही.

मी श्रद्धाळू नाही. पण लमेत्र यांचा हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. समजा उत्पत्ती १:१ ला महास्फोटाचा खिळा ठोकला आणि उद्या सिद्धांत बदलला, तर? महास्फोट हे नाव फ्रेड हॉईल यांनी १९४९ मध्ये रेडिओवर दिलं, आणि तो सिद्धांत त्यांना स्वतःला पटत नव्हता. त्यांचे विद्यार्थी आपले नारळीकर सर. हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये त्यांनी वेगळं प्रतिरूप मांडलं, आणि महास्फोटाला प्रश्न विचारणं सोडलं नाही. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, मलाही पुरावा महास्फोटाकडेच झुकलेला दिसतो. पण प्रश्न विचारायची जागा मोकळी राहिली पाहिजे. धर्मग्रंथ तिथे बसवला की ती जागा बंद होते.

आता एक कडक बोलतो, राग मानू नका. एकोणिसाव्या शतकात मिशनरी मंडळींनी आमच्या पुराणांतले सात समुद्र, दुधाचा सागर, मेरू पर्वत यांच्यावर भूगोल आणि खगोलाच्या पुस्तकांनी हल्ला चढवला. नगरहून १८४२ मध्ये निघालेल्या ज्ञानोदयात एकीकडे धर्मोपदेश, दुसरीकडे विज्ञान. त्यातलं विज्ञान चांगलं होतं, आमच्या पणज्यांना त्याचा उपयोगच झाला. पण तीच फूटपट्टी उत्पत्तीला लावायची वेळ आली की "हे काव्य आहे, हे रूपक आहे" असं का? मग मेरू पर्वतही काव्यच होता की.

शिंपला (नागपूर)

दुर्बीण, राग नाही. तुमचं बरोबर आहे, आणि आमच्या लोकांनी हे मान्य करायला हवं. क्षीरसागर भूगोलाच्या नकाशात शोधणं चूक असेल तर एदेन बागेत बसून खडकाचं वय काढणंही चूकच. मी दोन्हींना एकच माप लावायला तयार आहे.

वचनदीप

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम.

मी सहा दिवस म्हणजे सहाच दिवस मानतो आणि हे मी अडाणीपणाने म्हणत नाही. मी इंजिनिअर आहे. माझी कारणं तीन.

पहिलं, निर्गम २०:११. दहा आज्ञांमध्ये देव स्वतः सांगतो की सहा दिवसांत आकाश, पृथ्वी, समुद्र निर्माण केले म्हणून सातवा दिवस पाळा. माझा आठवडा खरा आणि देवाचा आठवडा रूपक, हे मला समजत नाही. दुसरं, मार्क १०:६ मध्ये प्रभू म्हणतो की सृष्टीच्या आरंभापासून देवाने नर व नारी निर्माण केली. आरंभापासून, कोट्यवधी वर्षांनंतर नाही. आणि तिसरं माझ्यासाठी सर्वांत मोठं, रोमकरांस ५:१२. एका माणसामुळे पाप आलं आणि पापामुळे मरण आलं. ताई, तुमच्या दगडातल्या गोगलगाई जर आदामाच्या कोट्यवधी वर्षं आधी मेल्या असतील, तर मरण पापाचं वेतन कसं? आणि मरण जर सृष्टीचा साधा नियम असेल, तर ख्रिस्त वधस्तंभावर कशावर जय मिळवायला गेला? माझा मुलगा तीन वर्षांपूर्वी वारला. मरण हा शत्रू आहे असं शास्त्र सांगतं. या शब्दावर मी उभा आहे. तो कोणी सैल केलेला मला चालणार नाही.

खडकांबद्दल म्हणाल तर जलप्रलयाने गाळ, प्राणी, सगळं एकत्र गाडलं असेल असं मला वाटतं.

मधलीवाट

वचनदीप दादा, तुमच्या दुःखापुढे वाद नको वाटतो. फक्त एक सुचवतो. २ पेत्र ३:८ मध्ये प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आहे असं म्हटलंय. एक दिवस म्हणजे एक युग धरलं की सगळं जुळतं. आधी प्रकाश, मग पाणी, मग जमीन, मासे, पशू, शेवटी माणूस. विज्ञानाचा क्रमही हाच. साडेतीन हजार वर्षांपूर्वी हे कोणाला कळलं असतं?

शिंपला (नागपूर)

वचनदीप दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर माझ्याकडे लगेच नाही. तो थोडा बाजूला ठेवते, टाळत नाही. दगडांपुरतं आधी बोलते.

जलप्रलयाचं : लाव्हा पाण्याखाली ओतला गेला तर तो उशांसारखे गोळे होऊन गोठतो. दख्खनच्या पठारावर जवळजवळ सगळीकडे लाव्हा उघड्या हवेत पसरल्याच्या खुणा आहेत. माझ्या गोगलगाई शांत, उथळ, गोड्या तळ्यातल्या. त्याच थरात बिया आहेत, माशांचे खवले आहेत. खाली लाव्हा, वर लाव्हा. उसळलेल्या समुद्राने हे असं मांडून ठेवलं नसतं. आणि या लाव्हाच्याही खाली कामठीचे वालुकाश्म आहेत. ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची पानं त्यात शिरांसकट उमटलेली मिळतात, साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीची. मी हातात धरली आहेत ती.

मधलीवाट, तुमचा मार्ग मलाही वीस वर्षं पुरला. पण क्रम जुळत नाही हो. उत्पत्तीत तिसऱ्या दिवशी गवत, बी देणारी झाडं, फळझाडं. पाचव्या दिवशी मासे आणि पक्षी. सहाव्या दिवशी जमिनीवरचे प्राणी. खडकात पाहिलं तर मासे फळझाडांच्या कोट्यवधी वर्षं आधी आहेत, आणि जमिनीवर सरपटणारे प्राणी पक्ष्यांच्या आधी आहेत. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा गाव घ्या. तिथे डायनासोरच्या वाळलेल्या शेणाचे दगड झालेले मिळतात. २००५ मध्ये त्यात गवताच्या सूक्ष्म गारकणांचा पुरावा सापडला. तोवर डायनासोरच्या काळात गवत होतं असं कोणी ठामपणे म्हणत नव्हतं. म्हणजे गवत हे बरंच उशिरा आलेलं. तिसऱ्या दिवसाच्या पानावर त्याला युग म्हणून बसवायचं तर एक तर खडक वाकवावा लागतो नाही तर शब्द. ओढाताण करून जुळवलेला मेळ मुलं लगेच ओळखतात. सूर्याच्या आधी हिरवीगार झाडं, हे तर त्या मुलानेच दुसऱ्या वाक्याला विचारलं होतं.

अश्दोदकर

शालोम. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. आजोबा रेवदंड्याचे, आम्ही आता इस्राएलमध्ये अश्दोदला. घरात अजून मराठी बोलतो. हा ग्रंथ मी हिब्रूत वाचतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमच्या कालगणनेने सप्टेंबर २०२५ मध्ये ५७८६ वं वर्ष सुरू झालं, जगाच्या निर्मितीपासूनचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तेच छापलेलं असतं. ख्रिस्ती बिशप अशर यांनी १६५० मध्ये असाच हिशेब करून इसवी सनापूर्वी ४००४ काढलं, ते पुढे इंग्लिश बायबलच्या समासात छापलं गेलं आणि लोकांना शास्त्राचाच भाग वाटू लागलं. पण आमच्याकडे अकराव्या शतकातले राशी, ज्यांचं भाष्य वाचल्याशिवाय कोणी तोरा (मोशेची पाच पुस्तकं) शिकत नाही, ते पहिल्याच वचनावर लिहितात की हा मजकूर निर्मितीचा क्रम शिकवायला आलेला नाही. बाराव्या शतकात मैमोनिदीस म्हणाले की एखादी गोष्ट खरोखर सिद्ध झाली तर वचनाचा अर्थ त्यानुसार लावायची दारं बंद नाहीत. देवाला शरीर नाही हे मान्य करून आपण "देवाचा हात" या शब्दांचा अर्थ लावतोच ना.

आता शब्द. दुसऱ्या दिवशी देव जे अंतराळ करतो त्याला मूळ शब्द आहे 'राकिया'. त्याचा धातू ठोकून पातळ करणे या अर्थाचा. तांबट पत्रा ठोकून पसरवतो तसं. वर पाणी, मध्ये ठोकलेलं घुमटासारखं आकाश, खाली पाणी. त्या काळच्या सगळ्या शेजाऱ्यांचं जग असंच होतं. देवाने त्यांना ताऱ्यांचं भौतिकशास्त्र आधी शिकवून मग बोलायला सुरुवात केली नाही. त्यांच्या घरात जे जग होतं त्यातच तो बोलला.

मग वेगळं काय सांगितलं? इथे शेजाऱ्याची गोष्ट माहीत हवी. बाबिलोनची निर्मितीकथा निनवेच्या अवशेषांतल्या मातीच्या पाट्यांवर सापडली, जॉर्ज स्मिथ यांनी १८७६ मध्ये छापली. तिच्यात मार्दुक देव तियामत नावाच्या सागरदेवीला मारतो, तिचं शरीर दुभंगून आकाश करतो. हिब्रूत खोल पाण्याला 'तेहोम' म्हणतात, तियामतचं भाषिक भावंडच. पण उत्पत्तीत तेहोम कोणाशी लढत नाही. ते नुसतं पाणी आहे. चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र येतात, पण त्यांची नावं नाहीत. 'शेमेश' (सूर्य) लिहिलं नाही, कारण शेजारी शमाश या सूर्यदेवाला दंडवत घालत होते. लिहिलं "मोठी ज्योती" आणि "लहान ज्योती". दोन दिवे, कामाला लावलेले. बाबिलोनच्या बंदिवासात अडकलेल्या, देऊळ जळालेल्या लोकांनी हे वाचलं असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार करा. सूर्य उशिरा येतो हा क्रमातला घोटाळा नाही. सूर्य देव नाही, त्याच्याशिवायही प्रकाश देवाचा आहे, एवढं त्यांना सांगायचं होतं.

आणि शेवट. बाबिलोनच्या कथेत माणूस का घडवला? एका बंडखोर देवाच्या रक्तातून, देवांची कष्टाची कामं करायला, म्हणजे देवांना विश्रांती मिळावी. उत्पत्तीत विश्रांती माणसालाही आहे. आणि आज्ञेत ती दासाला आहे, परक्याला आहे, बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात तर बैल आणि गाढव नाव घेऊन लिहिलेत.

आता आमची गोष्ट. आमचे पूर्वज कुलाब्याच्या (आताच्या रायगड जिल्ह्याच्या) किनाऱ्यावर कित्येक शतकं राहिले. हिब्रू विसरले, ग्रंथ हाताशी नव्हता. घाण्यावर तेल गाळायचा धंदा. पण शनिवारी घाणा बंद. बैल सोडलेला. गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. ज्यांच्याकडे उत्पत्तीचं एक पान नव्हतं त्यांनी पहिल्या अध्यायाचा अर्थ बैलासकट जपला. हे सहा दिवस किती तासांचे होते हे माझ्या पणजोबांना कोणी विचारलं नाही. सातव्या दिवशी बैलाच्या मानेवर जू नव्हतं, हे सगळ्या गावाला दिसत होतं.

वचनदीप भाऊ, तुम्ही निर्गम २०:११ दिलंत. माझ्या मते तुमचा मुद्दा बरोबर आहे : आठवडा खरा आहे. देवाचं काम माणसाच्या आठवड्याच्या साच्यात सांगितलं, कारण माणसाला आठवडा द्यायचा होता.

लुईव्हिलवासी

मी अमेरिकेत केंटकी राज्यात राहते. इथे २००७ पासून सृष्टीनिर्मितीचं संग्रहालय आहे आणि २०१६ पासून नोहाच्या तारवाची भलीमोठी प्रतिकृती. मुलांना घेऊन गेले होते. लाकडाचं काम अप्रतिम. पिंजऱ्यांमध्ये डायनासोरची पिल्लंही ठेवलेली आहेत, जगाचं वय सुमारे सहा हजार वर्षं सांगतात. परतताना गाडीत माझी मुलगी गप्प होती. मग म्हणाली, "आई, शाळेतल्या सायन्स टीचर खोटं बोलतात का?" त्या प्रश्नाने माझ्या पोटात गोळा आला.

इथे हा वाद कोर्टात गेला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सृष्टीवाद सरकारी शाळेत विज्ञान म्हणून शिकवायला लावणारा कायदा रद्द केला. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात डोव्हर गावच्या खटल्यात 'बुद्धिमान रचना', म्हणजे सजीवांची रचना कोणा बुद्धिमान कर्त्याने केली हा दावा, विज्ञान नाही असा निकाल आला. त्या खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आहेत. एवढंच सांगायचं होतं. शिंपला ताई, त्या मुलाला दोन उत्तरांमध्ये अडकवू नका, प्लीज.

दुर्बीण (पुणे)

अश्दोदकर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. शनिवार तेली हे नाव ऐकून होतो, बैलाचा अर्थ आज कळला.

तरी मूळ अडचण सुटत नाही आणि ती वचनदीप यांनीच नेमकी दाखवली आहे. सहा दिवसांचं काव्य म्हणता येईल. पण आदाम? आजच्या माणसांच्या जनुकांमधली विविधता पाहता आपले पूर्वज कधीही फक्त दोन माणसांवर येऊन ठेपले होते असं दिसत नाही. हजारोंचा समूह होता. आपलं दुसरं गुणसूत्र हे वानरकुळातल्या दोन गुणसूत्रांच्या सांध्यातून झालं आहे, सांध्याची खूण अजून आत आहे. ही कोणी शत्रूने रचलेली गोष्ट नाही. मानवी जनुकसंच प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस कॉलिन्स स्वतः ख्रिस्ती आहेत आणि तेही हेच सांगतात. मग एका माणसाने पाप आणलं, याचं काय?

वसईचावारा

इथे आम्हा कॅथलिकांचीही दमछाक होते, कबूल करतो. १९५० च्या ज्या पत्रात उत्क्रांतीच्या अभ्यासाला हरकत नाही म्हटलं, त्याच पत्रात एका आदामाऐवजी अनेक आदिमानव मानणं मूळपापाच्या (आदामाचं पाप सगळ्यांना लागलं या) शिकवणीशी कसं जुळेल ते दिसत नाही असंही म्हटलं आहे. आमचे ईशज्ञानी त्यावर अजून काम करताहेत. कोणी म्हणतो आदाम म्हणजे सगळी मानवजात, हिब्रूत 'आदाम' शब्दाचा अर्थच माणूस. कोणी म्हणतो त्या हजारोंतल्या ज्यांनी पहिल्यांदा देवाचा आवाज ओळखला ते आदाम-हव्वा. मी सामान्य माणूस, माझं समाधान पूर्ण झालेलं नाही.

शिंपला (नागपूर)

वचनदीप दादा, आता तुमच्या तिसऱ्या मुद्द्याकडे. आठवडाभर बायबल आणि दगड दोन्ही टेबलावर होते.

माझं मत सांगते, शिकवण म्हणून नाही. रोमकरांस ५:१२ पुन्हा पुन्हा वाचलं. पौल तिथे लिहितो की मरण सर्व माणसांमध्ये पसरलं. माणसांमध्ये. गोगलगाईंबद्दल तो तिथे बोलत नाही. स्तोत्र १०४ मध्ये सिंहाची पिल्लं भक्ष्यासाठी गर्जतात आणि देवाजवळ अन्न मागतात. त्या स्तोत्रात शिकार हा शाप नाही, ती देवाच्या घरची व्यवस्था आहे. त्यामुळे तळ्यातली गोगलगाय मेली, हे माझ्या विश्वासाला जड जात नाही. आदामाच्या आधीही माणसासारखी माणसं मरत होती, हे मात्र जड जातं, आणि त्यावर मी तुम्हाला गोड बोलून काहीही सांगणार नाही. तुमच्या मुलाचं मरण साधा नियम आहे असं मला कोणी सांगितलं तर मी ते ऐकून घेणार नाही. माणसाचं मरण शत्रूच आहे. ते केव्हापासून शत्रू आहे याची तारीख मला खडकात सापडत नाही आणि शास्त्रातही सापडत नाही. ख्रिस्ताने त्याच्यावर जय मिळवला हे मी मानते. तो जय पृथ्वीच्या वयावर टांगलेला नाही, असंही मानते.

पृथ्वीच्या वयाबद्दल मी त्या मुलाशी जे बोलले ते लिहिते. क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने उल्कापाषाणातलं शिसं मोजलं. युरेनियमचं शिसं होतं, ठरावीक वेगाने. त्यावरून १९५६ मध्ये त्यांनी ४५५ कोटी वर्षं हा आकडा दिला, त्यात फारतर सात कोटींचा इकडेतिकडे फरक. सत्तर वर्षांत तो जवळपास तसाच टिकला आहे. "परीक्षेत हेच लिही," मी म्हटलं. "आणि इथेही कोणी पृथ्वीचं वय विचारलं तर हेच सांग. इथे आपण दुसरा आकडा ठेवलेला नाही." मग अश्दोदकरांचा बैल सांगितला. त्याने विचारलं, "म्हणजे टीचर, रविवारी आमच्या दुकानातल्या पोऱ्यालाही सुट्टी पाहिजे ना?" त्याच्या वडिलांचं किराणा दुकान आहे आणि ते रविवारी दुपारी उघडतं. मी म्हटलं, वडिलांना विचार.

ज्येष्ठांकडेही गेले होते घरी. दगड घेऊनच. चहा झाला, हिस्लॉप यांचं सगळं सांगितलं. त्यांनी दगड बराच वेळ हातात धरला, परत दिला, आणि तक्ता भिंतीवर राहू दे म्हणाले. तक्ता मी काढणारच नव्हते. पुढच्या रविवारी त्या तक्त्याखालीच दगड ठेवायला मात्र त्यांनी अजून होकार दिलेला नाही. मी पुन्हा विचारणार आहे.

वचनदीप

ताई, तुमचं उत्तर वाचलं. माझं मत बदललेलं नाही, ते खोटं बोलणार नाही. पण "तारीख मला सापडत नाही" असं तुम्ही सरळ लिहिलंत, त्याबद्दल आभारी आहे. इतकी वर्षं मला या विषयावर लोकांनी एक तर हसून टाळलं किंवा गप्प केलं.

पुढच्या महिन्यात साइटच्या कामाला बुटीबोरीला येतोय. तो दगड पाहता येईल का?

शिंपला (नागपूर)

जरूर या, दादा. वहिनींनाही आणा. शनिवारी संध्याकाळी या म्हणजे उजेड तिरपा असतो, पीळ नीट दिसतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग माझ्याकडे आहे. दगड आधी पाण्यात बुडवून ठेवीन. सर्वांत लहान गोगलगाय डाव्या काठाला आहे, ती पहिल्यांदा कोणालाच दिसत नाही. मी दाखवीन.